परतू इच्छिणाऱ्या परिचारिका

मेळघाटात परिचारिका मिळत नाहीत, हे वाक्य गेल्या तीस वर्षांत इतक्यांदा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज आता कोणालाच वाटत नाही. १९९३ साली येथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधून घेतले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, १९९५ साली नवसंजीवन योजना सुरू झाली, भरारी पथके आली, समित्यांचे दौरे झाले. डॉक्टरांना या भागात टिकवून कसे धरावे याचा खल पुष्कळ झाला, आणि तो व्हावयास हवाच होता. परिचारिकेच्या वाट्याला मात्र 'रिक्त पदे' या रकान्यातील एक आकडा एवढेच स्थान आले. वस्तुतः उपकेंद्रात रात्री-अपरात्री आलेल्या बाळंतिणीजवळ डॉक्टर असतोच असे नाही. परिचारिका किंवा आरोग्यसेविका असावीच लागते.

रिक्त पदांच्या या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावयास हवा होता. परिचर्येचे रीतसर शिक्षण घेतलेल्या, काही वर्षे काम केलेल्या आणि पुढे मुलांच्या संगोपनासाठी घरी बसलेल्या स्त्रिया तालुक्यात किती, याची नोंद ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. धारणी हे तालुक्याचे ठिकाण. आश्रमशाळांचे व जिल्हा परिषदेचे शिक्षक, वनखात्याचे, महसूल खात्याचे, बँकांचे कर्मचारी येथे बदलीवर येतात. बरोबर त्यांची कुटुंबे येतात. या कुटुंबांतील गृहिणींत परिचारिकेचे नोंदणीपत्र कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेली एखादी स्त्री निघणे मुळीच अशक्य नाही. मेळघाटातल्याच ज्या मुली शिकून परिचारिका झाल्या आणि लग्नानंतर घरी राहिल्या, त्याही या हिशेबात धरावयास हव्यात. एकीकडे पद रिकामे आणि त्याच गावात दुसरीकडे त्या पदाचे शिक्षण घेतलेली स्त्री रिकामी (अर्थात 'रिकामी' हा शब्द चारचौघांचा, दोन मुले सांभाळणाऱ्या बाईच्या दिवसाचे मोजमाप ज्याने केले आहे तो हा शब्द वापरणार नाही), असे दृश्य असेल तर दोष कोणाचा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

एक उदाहरण कल्पनेनेच घ्यावे. अकराव्या-बारावीनंतर एका मुलीने परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केला, एकविसाव्या वर्षी ती अमरावतीच्या एका खासगी रुग्णालयात लागली. चोविसाव्या वर्षी लग्न झाले. नवरा धारणी तालुक्यातील आश्रमशाळेत शिक्षक. तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी नोकरी मिळवली. पहिले मूल झाले तेव्हा दर्यापूरची आई वर्षभर येऊन राहिली. एकोणतिसाव्या वर्षी दुसरे मूल झाले तेव्हा आईचे गुडघे गेलेले, सासूबाई सासऱ्यांच्या आजारपणात अडकलेल्या. रात्रपाळीला तान्हे मूल कोणाच्या स्वाधीन करावे याचे उत्तर सापडेना, कंत्राट संपले, ते पुढे वाढवून घेण्यासाठी ती गेली नाही. नोकरी तिने सोडली असे म्हणण्यापेक्षा ती सुटली असे म्हणणे अधिक बरोबर होईल. आता धाकटे मूल आठ वर्षांचे आहे, एकट्याने शाळेत जाते, आणि ती सदतीस वर्षांची आहे. तिला परत जावयाचे आहे.

या स्त्रीपुढे काय वाढून ठेवलेले असते ते पाहावे. राज्य शासनाच्या नोकरभरतीची कमाल वयोमर्यादा २०१६ साली वाढविण्यात आली. ती खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे झाली. म्हणजे खुल्या प्रवर्गातील या बाईच्या हाती एक वर्ष आहे. भरतीची जाहिरात दरवर्षी निघतेच असे नाही. त्या एका वर्षात ती निघाली नाही, तर शासकीय सेवेचे दार तिच्यापुरते कायमचे बंद. निघालीच, तर नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींबरोबर तिला तीच स्पर्धा परीक्षा द्यावी लागणार. तिच्या आठ वर्षांच्या अनुभवापैकी खासगी रुग्णालयातील वर्षांना अशा परीक्षेत किंमत नाही आणि कंत्राटी वर्षे मध्येच तुटलेली. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याविषयी मार्च २०२४ मध्ये शासननिर्णय निघाला, हे स्वागतार्हच होते. परंतु मुलांपायी जिची सेवा पाचव्या वर्षी खंडित झाली तिच्या हाती दहा वर्षे कशी जमणार?

तेव्हा तिला उरते ते खासगी दवाखान्यातले काम. तेथे तिच्या शेजारी कसलेही शिक्षण न घेता 'सिस्टर' म्हणवली जाणारी मुलगी उभी असते आणि दोघींच्या पगारात फारसा फरक नसतो. यात त्या मुलीचा अपराध नाही, परंतु प्रशिक्षित स्त्रीने घरीच राहणे पसंत केले तर तिला आळशी कसे म्हणावे?

हा प्रश्न एका घरापुरता किंवा एका तालुक्यापुरता असता तर त्यासाठी वर्तमानपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. देशातील परिचारिकांची संख्या सांगताना आपण बहुधा परिचर्या परिषदांकडील नोंदणीचा आकडा सांगतो. या आकड्याची छाननी करणारा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. नोंदणीनुसार पाहिले तर दर दहा हजार लोकसंख्येमागे परिचारिका व प्रसविका १७.७ भरतात, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे प्रत्यक्ष काम करणाऱ्या मोजल्या तर त्या १०.६ उरतात, आणि त्यांतून पुरेसे शिक्षण असलेल्या तेवढ्याच घेतल्या तर केवळ ६. पहिल्या दोन आकड्यांतील अंतर लक्षपूर्वक पाहावे. त्यात निधन पावलेल्या आहेत, परदेशी गेलेल्या आहेत, निवृत्त आहेत, आणि काम करण्यास समर्थ असूनही श्रमबाजाराच्या बाहेर राहिलेल्याही आहेत. यांपैकी मृतांना व परदेशस्थांना परत आणता येणार नाही. घरी बसलेल्यांना आणता येईल. असे असता आपली सारी योजना नवी परिचर्या महाविद्यालये काढण्याभोवती फिरते. टाकीला गळती असताना नळ मोठा करण्याचाच हा प्रकार होय.

स्त्रिया काम का सोडतात, याचे उत्तर घरोघरी ठाऊक आहे. आता ते सरकारी आकड्यांतही आले आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाची सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात. पुरुष ८८ मिनिटे. परिचारिकेच्या बाबतीत यात दोन गोष्टींची भर पडते. एक रात्रपाळी, आणि दुसरी नवऱ्याची बदली. शिक्षक-वाचकांना पती-पत्नी एकत्रीकरणाची सवलत चांगली परिचयाची आहे. दोघेही कायम सेवेत असतील तर बदलीच्या वेळी तिचा आधार मिळतो. बायको कंत्राटी किंवा खासगी नोकरीत असेल तर एकत्रीकरणाचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तिने नोकरी सोडावी. कायम सेवेतील स्त्रियांसाठी शासनाने काही केले नाही असे नाही. केंद्राने आपल्या कर्मचारी स्त्रियांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, महाराष्ट्राने २०१८ साली १८० दिवसांची दिली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असणाऱ्या आस्थापनांना पाळणाघराचे बंधन आले. या सोयी जिला लागू होतात ती सहसा नोकरी सोडतच नाही. प्रश्न आहे तो या कुंपणाबाहेरच्या स्त्रीचा.

एक काळ असा होता की कुंपण उघडपणे घातलेले असे. मुंबईतील एका औषध कंपनीत अविवाहित स्त्री कामगाराने लग्न केले की तिची नोकरी संपे. कामगार संघटनेने तो नियम सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६५ साली तो रद्दबातल ठरला. याला वीस-बावीस वर्षे लोटल्यावरही लष्करी परिचर्या सेवेतील लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ साली लग्न केल्याच्या कारणावरून सेवामुक्त करण्यात आले. ज्या सूचनेच्या आधारे हे घडले ती १९७७ ची सूचना १९९५ साली मागे घेतली गेली. सेलिना जॉन यांना न्याय मिळण्यास मात्र फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने असे नियम लिंगभेदमूलक व घटनाविरोधी असल्याचे सांगून त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आज 'विवाहित स्त्री नको' असे कोणत्याही जाहिरातीत छापता येणार नाही. परंतु 'वय ३८ पर्यंत', 'सलग अनुभव आवश्यक', 'अलीकडील अनुभव प्रमाणपत्र जोडावे' असे मात्र निर्धास्तपणे छापता येते, आणि त्याचा परिणाम बव्हंशी तोच होतो. जुना नियम अन्यायी होता, पण निदान स्पष्टवक्ता होता.

येथवर वाचून कोणी म्हणेल की ही सारी भावनेची बाजू झाली. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असता आठ-दहा वर्षे घरी बसलेल्या बाईच्या हाती सुई कशी द्यावी? आक्षेप रास्त आहे. तो झटकून टाकणाऱ्यांनी स्त्रियांच्या हिताची वकिली करू नये हेच बरे. कौशल्य न वापरता ठेवले तर झिजते, ही गोष्ट अर्थशास्त्राने फार पूर्वी हिशेबात धरली आहे. मिन्सर आणि पोलाचेक या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७४ साली विवाहित स्त्रियांच्या वेतनाचा अभ्यास करताना घरी गेलेल्या वर्षांतील या झिजेची चर्चा केली होती, जशी यंत्राच्या घसाऱ्याची करतात तशी. परिचर्येत तर झिजेबरोबर बदलही असतो. २०१४ च्या सुमारास ज्या आरोग्यसेविकेने काम सोडले, तिला तेव्हाचे लसीकरणाचे वेळापत्रक तोंडपाठ असेल. मध्यंतरी बालकांच्या त्रिगुणी लसीची जागा पंचगुणी लसीने घेतली, एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस बदलली आणि तिच्या जोडीला टोचावयाची लस आली, २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, आणि आदिवासी भागात त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. नोंदवह्यांची जागा संगणकाने व भ्रमणध्वनीने घेतली. जुन्या आठवणीवर विसंबून अशा स्त्रीने कामाला हात घातला तर ते धोक्याचे होईल यात शंका नाही.

तथापि झिजलेले हत्यार आणि मोडलेले हत्यार यांत भेद असतो. नाडी मोजणे, श्वास पाहणे, बाळंतिणीचा रक्तस्राव अंगावरचा आहे की जिवावरचा हे ओळखणे, रोग्याच्या नातेवाइकाला धीर देत देत त्याच्याकडून खरी माहिती काढून घेणे, ही विद्या वेळापत्रकाबरोबर बदलत नाही. जे बदलले ते शिकविता येते, आणि शिकविण्यास तीन वर्षे लागत नाहीत. याविषयी आपल्याला नव्याने काही शोधून काढावयाचे आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये परिचारिकेला नोंदणी चालू ठेवण्यासाठी दर तीन वर्षांत ४५० तासांचे प्रत्यक्ष काम दाखवावे लागते. ते दाखवता आले नाही तर तिच्यासाठी परतीचा अभ्यासक्रम आहे किंवा क्षमतेची परीक्षा आहे. म्हणजे अट कडक आहे, पण अटीशेजारी दारही आहे. आपल्याकडे परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांच्या निरंतर शिक्षणाची अट घातली. तत्त्वतः ती योग्य आहे. परंतु हे तास ज्या चर्चासत्रांतून व कार्यशाळांतून मिळतात ती भरतात नागपूर, पुणे, मुंबई, फार तर अमरावती-अकोल्यात. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, वाट सेमाडोहच्या घाटातून व अरण्यातून जाणारी. एका दिवसाच्या कार्यशाळेसाठी या बाईने दोन रात्री घराबाहेर काढाव्या, आणि तेही ज्या नोकरीची खात्री नाही तिच्यासाठी, अशी अपेक्षा करणे हा कागदी कारभार झाला.

आपल्या प्रांताला तर या बाबतीत इतिहासाचा आधार आहे. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने १९०९ नंतरच्या काळात ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी ज्या स्त्रिया पाठविल्या, त्यांत संसाराचा घास चाखून झालेल्या, वैधव्य आलेल्या, समाजाने 'आता हिचे काय व्हायचे' म्हणून बाजूला सारलेल्या स्त्रिया होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, रात्री घराबाहेर राहणे ही त्या काळी केवढी भयंकर गोष्ट होती याची आज कल्पना येणार नाही. तरीही वय झाले म्हणून या स्त्रियांना कोणी परत पाठविले नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर दुर्गाबाई देशमुखांच्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. ज्यांचे शिक्षण अर्धवट सुटले त्यांनी ते थोड्या काळात पुरे करून शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका व्हावे, हा त्यामागचा उद्देश होता. शिकण्याचे वय निघून गेलेले नसते, हा विचार धोरण म्हणून या देशाने एकदा मान्य केलेला आहे.

अगदी अलीकडचेच उदाहरण हवे असेल तर एप्रिल २०२० चे घ्यावे. कोरोनाची साथ अंगावर आली तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी निवृत्त परिचारिकांना आणि प्रशिक्षण घेऊनही काम करीत नसलेल्यांना पुढे येण्याचे जाहीर आवाहन केले. त्या दिवशी कोणी वयोमर्यादा विचारली नाही की मधल्या वर्षांत काय करीत होता असे विचारले नाही. संकटात ज्या हातांवर विश्वास ठेवता येतो ते हात साथ ओसरताच कालबाह्य कसे ठरतात, याचे उत्तर प्रशासनाने द्यावयास हवे.

आता धारणीचाच प्रश्न विशेषेकरून का, हे सांगितले पाहिजे. या तालुक्यात बहुसंख्य वस्ती कोरकूंची. त्यांची भाषा मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. ती मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा आहे. मैदानी मुलुखातून नव्याने आलेल्या परिचारिकेला आईचे दुखणे दुभाष्याच्या तोंडून ऐकावे लागते. तान्ह्या मुलाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची प्रथा येथे अजूनही बातम्यांतून डोकावते. दवाखान्यात नेण्यापूर्वी भूमकाकडे जाणे हा अनेक घरांचा रिवाज आहे. होळीच्या आगेमागे कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे पोरांसह केव्हा परततील याचा अंदाज लसीकरणाच्या तक्त्यावरून लागत नाही. तो पाड्यातल्या लोकांना ओळखणाऱ्यालाच लागतो. बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी जे काम उभे केले आणि ज्यासाठी २०१९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली, त्यातील वैद्यकशास्त्र कोणत्याही महाविद्यालयात शिकता येईल असेच होते. लोकांत वर्षानुवर्षे राहणे हे मात्र महाविद्यालयात शिकविले जात नाही.

धारणीत दहा वर्षे संसार केलेल्या, आठवडी बाजारात कोरकू बायकांशी भाजीचा भाव करता करता त्यांचे चार शब्द उचललेल्या स्त्रीजवळ ही पुंजी आपसूक जमलेली असते. आणि जी स्वतः कोरकू घरातील आहे, शिकून परिचारिका झाली आणि मुलांसाठी घरी राहिली, तिच्याविषयी तर बोलावयासच नको. नवी मुलगी पहिली नेमणूक म्हणून येथे येते, आणि येतानाच तिची नजर बदलीवर असते. त्यात गैर काही नाही. तिचे वय, तिचे लग्न, तिचे आईवडील सारे मैदानात आहे. परतणाऱ्या स्त्रीचे घर मात्र येथेच असते. एक काळजी घ्यावयास हवी. आई झाल्यामुळे स्त्री अधिक चांगली परिचारिका होते, असा गोड युक्तिवाद सभांतून ऐकू येतो. तो नाकारलाच पाहिजे. तो मान्य केला तर मूल नसलेल्या परिचारिकेचा तो उपमर्द होईल, आणि वात्सल्याच्या नावाखाली वेतन कमी देण्याची सोय होईल ती वेगळीच. मधल्या वर्षांचे श्रेय द्यावयाचे ते तिला जे प्रत्यक्ष येते त्याचे द्यावे, मातृत्वाचे देऊ नये.

करावयाचे ते फार अवघड नाही. अमरावतीस इर्विन आणि डफरीन ही जुनी रुग्णालये आहेत, परिचर्येचे शिक्षण तेथे परंपरेने चालत आले आहे. २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. आठ ते बारा आठवड्यांचा परतीचा अभ्यासक्रम येथे सहज आखता येईल. पहिले काही आठवडे अमरावतीस वॉर्डात व लसीकरण कक्षात, उरलेले धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि हरिसाल, कळमखार, साद्राबाडी अशा प्राथमिक आरोग्य केंद्रांत. शेवटी प्रात्यक्षिकाची कसून परीक्षा. जी उत्तीर्ण होणार नाही तिला घेऊ नये. जी होईल तिची नोंदणी त्या तासांच्या आधारे नूतनीकृत व्हावी आणि मुलांसाठी गेलेल्या वर्षांइतकी, ठरावीक मर्यादेपर्यंत, वयोमर्यादेत सूट मिळावी. माजी सैनिकाला त्याच्या सेवेच्या वर्षांसाठी अशी सूट देण्याची पद्धत शासनाला नवी नाही. पूर्वीची कंत्राटी सेवा धरली जावी. पहिले वर्षभर रात्रपाळी आळीपाळीने व आगाऊ कळवून लावावी. आणि पाळणाघर, जे कायद्याच्या पुस्तकात आहे ते, इमारतीत असावे.

खर्चाचा हिशेब काटेकोरपणे मांडला तरी तो या स्त्रीच्या बाजूने पडतो. अडतिसाव्या वर्षी ती परतली तर राज्यसेवेतील निवृत्तीच्या ५८ या वयापर्यंत वीस वर्षे तिच्यासमोर आहेत. वीस वर्षांच्या सेवेसाठी बारा आठवड्यांचे प्रशिक्षण! नवी परिचारिका घडविण्यास तीन वर्षे लागतात, आणि ती मेळघाटात किती दिवस राहील हे कोणी सांगू शकत नाही. २०२३ चे नोबेल मिळविणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी स्त्रियांच्या वेतनावर जे लिहिले त्याचा एक धागा असा की, ज्या व्यवसायात एकाचे काम दुसऱ्याला सहजपणे पुढे चालवता येते तेथे खंडाची शिक्षा कमी होते. परिचर्येइतका हा निकष क्वचितच दुसऱ्या व्यवसायाला लागू पडेल. दर आठ तासांनी एक परिचारिका दुसरीच्या हाती खाट क्रमांकासह रोगी सोपवते. तापाचा तक्ता, सलाईनची वेळ, लघवीचे माप सारे लिहून ठेवते, आणि दुसरी तेथून पुढे चालू करते. सुटलेला धागा उचलणे ही या व्यवसायाची रोजची रीत आहे. सेवानियमांना तेवढी ती ठाऊक नाही.

नव्याने उत्तीर्ण झालेल्या मुलींचा आक्षेप असेल की आमच्या जागा अडतील. बेकारीच्या दिवसांत तो समजण्यासारखा आहे. त्यासाठी ही योजना प्रथम ज्या दुर्गम तालुक्यांत भरती होऊनही जागा रिकाम्या राहतात तेवढ्यांपुरती ठेवावी. दुसरी भीती अधिक खरी आहे. आपल्या शासनाला 'मानधन' या शब्दाचा मोह आहे. आशा, अंगणवाडी, भरारी पथक या साऱ्यांवरून तो फिरलेला आहे. परतणाऱ्या परिचारिकांचीही 'सेवाभावी भगिनी' म्हणून एखादी योजना निघावी, दरमहा ठोक मानधन ठरावे आणि अकरा महिन्यांनी नूतनीकरण, असे झाले तर काहीच न झालेले बरे. वेतनश्रेणीशिवाय आलेली स्त्री वेतनश्रेणीसाठी निघून जाईल, किंवा पुन्हा घरी बसेल, आणि तेव्हा दोष तिच्या माथी मारला जाईल.

आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. अभ्यासक्रम मंजूर झाला, आदेश निघाला, धारणीहून ही सदतीस वर्षांची विद्यार्थिनी सकाळच्या एस. टी. ने अमरावतीस पोहोचली, असे समजा. राहावयाचे कोठे? परिचर्येच्या वसतिगृहांची रचना अविवाहित मुलींसाठी झालेली आहे. तेथील नियम, खोल्या, दार बंद होण्याची वेळ सारे त्या हिशेबाने ठरलेले. बरोबर आठ वर्षांचे मूल घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनीची कल्पना त्यांत कोणी केलेली नाही. मूल बरोबर न आणावे तर ते धारणीत कोणाजवळ ठेवावे, हा आठ वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा तसाच उभा राहतो. वसतिगृहातील एखादी मोठी खोली अशा स्त्रियांसाठी राखून ठेवावी आणि मुलाला तेवढ्या आठवड्यांपुरता अमरावतीच्या जवळच्या शाळेत बसण्यास परवानगी मिळावी, एवढ्यासाठी निराळ्या कायद्याची गरज पडू नये.